शिक्क्यावरचा चरा

इंग्लंडमधल्या न्यूअर्कच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात उजाडता उजाडता पोहोचावे लागते, कारण चांगला माल गाड्यांमधून उतरत असतानाच निम्माअधिक विकला जातो. त्या सकाळी गवत दवाने भिजलेले होते आणि एका टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या कपबश्या एकेक करून सोडवल्या जात होत्या. त्यांत एक ट्रायो निघाला. कप, बशी आणि केकची लहान ताटली अशा तिघांच्या जोडाला इथे ट्रायो म्हणतात. अंग फिकट पोपटी, आतून शुभ्र, काठाला सोन्याची बारीक रेघ आणि बाहेरून रानफुलांची एक वेल, जी कपाला वळसा घालून कानापाशी थांबत होती. मी किंमत विचारली, तेव्हा विकणाऱ्या बाईंनी काही बोलण्याआधी कप पालथा केला आणि तळाचा शिक्का माझ्यापुढे धरला. शिक्क्यावरून एक आडवा चरा गेलेला होता. तो वापरात पडलेला नव्हता. कारखान्यातच कोणीतरी मुद्दाम ओढलेला होता. ‘‘सेकंड आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘संग्रहासाठी घेत असाल तर राहू द्या.’’ कारखान्याच्या कसोटीला न उतरलेल्या, दोष राहिलेल्या नगाला सेकंड म्हणतात. त्यांचा हेतू चांगला होता आणि त्यांनी मागितलेली किंमतही रास्त होती. मी ट्रायो घेतला. मात्र घरी येईपर्यंत एक गोष्ट मनातून जाईना : कप पालथा झाल्यानंतर आम्हा दोघींपैकी कोणीही त्या वेलीकडे पुन्हा पाहिले नव्हते.

दोष नेमका कुठे आहे हे त्यांनाही सांगता आले नव्हते, म्हणून तो शोधायला मी बसले. आधी कप खिडकीशी नेला आणि उजेडासमोर धरला. चांगल्या बोन चायनाच्या, म्हणजे हाडांची राख मिसळून केलेल्या नाजूक भांड्याच्या, पलीकडे बोटे धरली की त्यांच्या सावल्या आतल्या बाजूने मोजता येतात, आणि अंगाला एक कोमट, दुधाळ छटा येते, जी साध्या चिनी मातीच्या भांड्याला कधीच येत नाही. सावल्या नीट दिसल्या. मग काठावर टिचकी मारली. आवाज स्वच्छ आला आणि लांबत गेला. तडा असता तर तो तिथल्या तिथे बसला असता. काठावरून बोट फिरवले, कुठेही टवका लागला नाही. शेवटी भिंग घेऊन वेलीचे एकेक पान पाहत गेले, तेव्हा कपाची गोलाई जिथे आत वळते तिथल्या एका पानाला केसाएवढी घडी पडलेली दिसली. छापील नक्षीचा पातळ पापुद्रा ओला असताना भांड्यावर बसवून दाबावा लागतो, आणि वळणावर तो असा सुरकुततो. आणखी एक खूण कानाच्या खालच्या सांध्याशी होती : झिलईत सुईच्या टोकाएवढे एक छिद्र. एवढेच. पुढे तळाकडे वळले, तर चऱ्याच्या शेजारी, पायाच्या कडेला अगदी खेटून, सोनेरी रंगात हाताने काढलेला सातचा आकडा होता. इतका लहान, की बाजारात आम्हा दोघींनाही तो दिसला नव्हता.

हा आकडा काठाला सोने लावणाऱ्या बाईचा. स्टोक या भांड्यांच्या शहरातल्या कारखान्यांत रंगवण्याचे आणि सोने लावण्याचे काम प्रामुख्याने बायका करत, मजुरी बहुधा नगावर मिळे, आणि आपले नग मोजले जावेत म्हणून प्रत्येकीची काही ना काही खूण असे : एखादा आकडा, एखादे अक्षर, नाहीतर नुसते दोन ठिपके. फिरत्या चाकावर कप मधोमध बसवायचा, डाव्या हाताने चाक फिरवत ठेवायचे आणि उजव्या हातातला कुंचला काठाला टेकवून एका दमात रेघ पुरी करायची. रेघ सुरू होते आणि संपते तो सांधा दिसता कामा नये. माझ्या कपावर तो भिंगातूनही सापडला नाही. म्हणजे या कपाच्या तळाशी तीन खुणा आहेत. कारखान्याने दिमाखात छापलेले स्वतःचे नाव, त्या नावाला हा नग शोभत नाही असे सांगणारा चरा, आणि जिने आपले काम चोख केले तिचा आकडा. संग्राहकांच्या पुस्तकांत पहिल्या खुणेवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात आणि दुसरीबद्दल सावधगिरीचा इशारा असतो. तिसरीबद्दल एखादे वाक्य असले तर असते. तेव्हापासून मी माझ्या वहीत आधी तिसरी खूण लिहिते.

या भांड्यात दोष शिरायला किती दारे उघडी असतात, हे लाँगटनला गेल्यावर नीट उमगले. स्टोक-ऑन-ट्रेंट हे सहा गावांचे मिळून झालेले शहर, आणि त्यांतले लाँगटन हे बोन चायनाचे माहेर. तिथल्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियमच्या दगडी फरसबंदी चौकात उभे राहिले, की बाटलीच्या आकाराची विटांची धुरांडी चारी बाजूंनी अंगावर येतात. बोन चायनाच्या मिश्रणात सुमारे निम्मी गुरांच्या हाडांची राख असते, आणि उरलेल्या निम्म्यात कॉर्नवॉलची चिनी माती आणि तिथलाच कॉर्निश स्टोन नावाचा दगड. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पोड यांच्या कारखान्यात हे प्रमाण स्थिरावले आणि पुढे ते फारसे बदलले नाही. या मिश्रणाची पातळ राबडी चुंबकांवरून वाहवत नेतात, कारण लोखंडाचा एक कण राहिला तरी भट्टीतून निघताना शुभ्र अंगावर तपकिरी ठिपका उमटतो. पहिली भाजणी सुमारे १२५० अंशांची. तिच्यात भांडे आठव्या हिश्शाच्या आसपास आकसते, आणि आकसताना जरा मऊ पडत असल्यामुळे आधार नीट नसला तर वाकते. त्यानंतर झिलई आणि तिची कमी आचेची भाजणी. मग नक्षी, मग सोने, आणि दर खेपेला पुन्हा भट्टी. इतक्या हातांतून आणि इतक्या आगींतून गेल्यावर एका पानाला घडी पडते, आणि तेवढ्यावर नग खालच्या रांगेत जातो. ही कसोटी कडक होती म्हणूनच या मालाची ख्याती टिकली, हे मला मान्य आहे. तरीही त्या चऱ्याकडे पाहताना माझे मन कसोटी लावणाऱ्याच्या बाजूने उभे राहत नाही.

त्या शुभ्रपणाची आणखी एक किंमत होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. पहिल्या भाजणीत भांडी वाकू नयेत म्हणून ती पूर्वी गारगोटीच्या बारीक पुडीत बसवत. भट्टीतून निघाल्यावर अंगाला चिकटलेली ती पूड घासून, झटकून काढायचे काम बायकांकडे असे. ती धूळ श्वासाबरोबर आत जाई, फुफ्फुसे कडक होत आणि माणूस वर्षानुवर्षे धाप लागून झिजत जाई. कुंभारांचा रोग म्हणूनच तो तिथे ओळखला जात होता. गारगोटीच्या जागी अल्युमिना वापरायला सुरुवात झाली आणि १९४७ च्या नियमांनी या कामातली गारगोटीची पूड बंद केली. मी जी भांडी जमवते ती बहुतेक त्यानंतरच्या दोन दशकांतली आहेत. तो काळ निवडताना हे माझ्या डोक्यात नव्हते, पण आज त्याचा मला दिलासा वाटतो.

सेकंड मालाकडे मी आदराने पाहू लागले ते मात्र १९४२ ते १९५२ या दहा वर्षांमुळे.

युद्धात सरकारने देशातल्या ग्राहकांसाठी नक्षीदार भांडी बनवायला बंदी केली. घरच्या बाजारात मिळायची ती साधी, कोरी भांडी. फुले, वेली, सोनेरी काठ हे सगळे जहाजात चढून अमेरिका आणि कॅनडाला जायचे, कारण देशाला डॉलर हवे होते. युद्ध १९४५ मध्ये संपले, पण कर्ज संपले नाही आणि बंदीही उठली नाही. लाँगटनमधली एखादी बाई दिवसभर गुलाबांना रंग भरत असे आणि संध्याकाळी घरी जाऊन कोऱ्या पांढऱ्या कपातून चहा पीत असे. शिवाय तो चहादेखील रेशनचा. जुलै १९४० पासून माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम सत्तावन्न ग्रॅम. निर्यातीच्या कसोटीला न उतरलेला थोडा नक्षीदार माल अधूनमधून देशातल्या दुकानांत यायचा, आणि त्यासाठी रांगा लागायच्या. रंगाला पारख्या झालेल्या त्या घरांत जो एखादा फुलांचा कप पोहोचला, तो बहुधा असाच कुठेतरी घडी पडलेला, कुठेतरी छिद्र राहिलेला असणार. माझ्या ट्रायोचा शिक्का बंदी उठल्यानंतरचा आहे, त्यामुळे तो त्या रांगेतला नाही. पण त्या वर्षांतले असे काही नग आता माझ्याकडे आहेत, आणि ज्या घरांतून ते आले तिथे ते अतिशय जपलेले होते, हे त्यांच्या अखंड सोन्यावरून कळते. सेकंड हा शब्द विकणाऱ्यांचा होता. ज्यांनी रांगेत उभे राहून तो घरी नेला त्यांच्या दृष्टीने तो घरातला पहिलाच होता.

नक्षीवरची बंदी ऑगस्ट १९५२ मध्ये उठली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चहाचे रेशन संपले. पुढच्या जूनमध्ये राणीचा राज्याभिषेक होता. त्यानंतरच्या काही वर्षांतला माल मांडून पाहिला की दहा वर्षांची रंगांची भूक त्यात स्पष्ट दिसते. तेव्हा हार्लेक्विन सेटची मोठी चलती होती : आकार सगळ्यांचा एक, पण सहा कपांचे सहा रंग. पुदिन्याचा हिरवा, लिंबाचा पिवळा, गुलाबी, आकाशी, जांभळट आणि राखी, आणि काठाला सोने. माझ्याकडच्या एका सेटमधला पिवळा कप हरवलेला आहे आणि त्याच्या जागी दुसरा रंग घ्यायचा नाही असा माझा हट्ट आहे. दुसरीकडे सुझी कूपर यांच्यासारख्या कलावंत होत्या, ज्यांनी भरगच्च फुलांना फाटा दिला. १९४० मध्येच त्यांना ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ हा मान मिळालेला होता. १९५० मध्ये त्यांनी लाँगटनमधला बोन चायनाचा एक कारखाना घेतला आणि ‘क्वेल’ नावाचा गोलसर, अंगापुरता डौल असलेला आकार बाजारात आणला. त्यांची चहादाणी हातात घेतली की तिचे वजन कुठे आहे हे आपोआप कळते. ओतताना मनगट वाकवावे लागत नाही. त्याच काळात शेली कारखाना १८९६ पासून चालत आलेला आपला पन्हळीदार ‘डेंटी’ आकार काढतच होता, आणि कारखाना १९६६ मध्ये दुसऱ्यांच्या हाती जाईपर्यंत काढत राहिला. डेंटीचा कप इतका पातळ असतो की ओठाला काठ जाणवण्याआधी चहा जाणवतो. माझी स्वतःची ओढ सुझी कूपर यांच्याकडे आहे. पण डेंटी हातात आला की माझा निर्धार डळमळतो, हेही खरे.

या सगळ्यांना मागे टाकून घराघरांत पोहोचला तो ‘ओल्ड कंट्री रोझेस’. हॅरॉल्ड होल्डक्रॉफ्ट यांनी रॉयल अल्बर्ट या कारखान्यासाठी केलेली ही नक्षी १९६२ मध्ये आली. लाल, गुलाबी, पिवळे टपोरे गुलाब आणि जाड सोनेरी काठ. आजवर तिचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेले आहेत. आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू साठच्या दशकात डॉक्टर यजमानांबरोबर इथे आल्या. नवा संसार, थंड घर, आणि पगारातून उरतील त्या पैशांत दर महिन्याला या सेटचा एक नग. आधी कप, मग बशी, मग पुन्हा वाट. एकवीस नगांचा चहाचा सेट पुरा व्हायला किती काळ लागला हे त्या अजूनही सांगतात, आणि प्रत्येक नग कोणत्या महिन्यातला हेसुद्धा त्यांच्या लक्षात आहे. दिवाळीच्या फराळाला तो सेट बाहेर निघतो. चकली केकच्या ताटलीत, चिवडा साखरेच्या बाऊलमध्ये. मुलांना तो नको आहे. सोनेरी काठामुळे मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही आणि डिशवॉशरमध्ये टाकला तर सोने उडते. जुन्या बाजारात आता अशा संपूर्ण सेटला कवडीमोल किंमत येते. काकूंना हे मी सांगितलेले नाही, आणि सांगणारही नाही.

माझ्या आईला मात्र मी सगळे सांगितले. ती साताऱ्याहून उन्हाळ्यात आली होती आणि मी हौसेने तिच्यापुढे डेंटीचा कप ठेवला. हे कशाचे असते, असे तिने सहज विचारले. हाडांच्या राखेचे, हे ऐकल्यावर तिने कप हलक्या हाताने बाजूला सारला आणि म्हणाली, ‘‘सुरेख आहे गं, पण मला आपला स्टीलचा पेलाच दे.’’ त्यावर ना मी वाद घातला, ना तिने मला पिऊ नकोस असे सांगितले. ती इथे असेपर्यंत रोज सकाळी टेबलावर एक पेला आणि एक कप असे शेजारी असायचे. तिचे म्हणणे मला आजही पटते आणि माझा कपही सुटत नाही. ही दोन टोके जुळवण्याचा नाद मी सोडून दिला आहे. माझ्या हातातल्या उजेडाला निम्मा आधार कोणा जनावराच्या हाडांचा आहे, हे विसरून मी त्यातून पीत नाही, एवढेच.

तीच आई कपाटातल्या फुलांपाशी मात्र रमली. लाँगटनच्या कारखान्यांत बोन चायनाची फुले हाताने घडवत. लहानशा कुंडीत गुलाब, प्रिमरोज, ॲनिमोनी यांचा गच्च गुच्छ, किंवा साडीवर लावावे असे ब्रूच. हे कामही बायकांचेच. मातीची गोळी तळहातावर बोटाने दाबून पाकळी पातळ करायची, एकीवर एक अशा पाकळ्या गुंडाळत न्यायच्या, आणि हे सारे माती सुकण्याच्या आत. आईने ॲडर्ली कारखान्याचा एक गुच्छ दोन्ही हातांत धरला, चष्मा वर सारला आणि एका गुलाबाच्या कडेवर नजर रोखून बराच वेळ पाहिले. ‘‘हिने पाकळीची कड चिमटीत धरून मुरडलीय,’’ ती म्हणाली, ‘‘करंजीला मुरड घालतो ना, तशी. आणि उजव्या हाताची आहे ही. बघ, मुरड सगळी एकाच अंगाला पडलीय.’’ मी इतकी वर्षे तो गुच्छ पुसत होते आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मग आम्ही भिंग घेऊन बाकीची फुले पाहिली. एका गुच्छात मुरड उलट्या अंगाला होती. ‘‘ही डावखुरी,’’ आई म्हणाली, आणि तो गुच्छ तिने कपाटात वेगळ्या फळीवर ठेवला. तो अजून तिथेच आहे.

फुले घडवणारे ते हात आता फार थोडे उरले आहेत. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कोळशाच्या बाटलीभट्ट्या एकेक करून थंडावल्या, आणि लाँगटनच्या बायकांना वाळत घातलेले कपडे काजळीशिवाय परत मिळू लागले, ही बाजूही विसरता कामा नये. पण गॅस आणि विजेच्या भट्ट्यांनी तगवलेले कारखानेही पुढे तगले नाहीत. बर्स्लेमच्या नाईल स्ट्रीटवरचा रॉयल डौल्टनचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला. ओल्ड कंट्री रोझेसचे गुलाब इंडोनेशियात फुलू लागले, आणि म्हणून संग्राहक आता तळावर ‘मेड इन इंग्लंड’ शोधतात. स्टोकची जुनी माणसे कोणाच्याही घरी चहाला गेली की बशी उलटी करून शिक्का बघतात; ही त्यांची खोड सगळ्या देशाला ठाऊक आहे. त्यांच्या पाहण्यात मोलभाव नसतो. ही आमच्या गल्लीची, ही पलीकडच्या कारखान्याची, इथे माझी मावशी होती, अशी ती ओळख असते. ग्लॅडस्टनच्या चहाघरात माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी अशीच बशी उलटी केली, शिक्का पाहिला, मग अंगठा पायाच्या कडेवर नेला आणि तो तिथेच फिरवत राहिल्या. त्या काय शोधत होत्या हे मी विचारले नाही. विचारायची गरज नव्हती.

माझ्या संग्रहात आता नक्षीपेक्षा खुणांची भर जास्त पडते आहे. सातचा आकडा मला त्याच कारखान्याच्या आणखी एका बशीवर मिळाला, पण वळण निराळे आहे. आकडा एकीकडून दुसरीकडे जात असावा. हिरव्या दोन ठिपक्यांची बाई तीन वेगवेगळ्या नक्ष्यांवर भेटली आहे आणि तिच्या पानांच्या शिरा नेहमी देठापासून सुरू होतात. या नोंदींना बाजारात काही मोल नाही. त्या ठेवायला पुष्कळ वेळ लागतो आणि मला तो द्यावासा वाटतो.

एक नग मात्र अजून मिळालेला नाही. बंदीच्या त्या दहा वर्षांतला, देशातल्या घरासाठी बनवलेला, बिननक्षीचा पांढरा बोन चायनाचा कप. सरकारने तेव्हा अशा भांड्यांच्या किमतीचे गट ठरवून दिले होते, म्हणून त्याच्या तळाशी कारखान्याच्या नावाजवळ ए, बी किंवा सी असे अक्षर असायला हवे. त्यावर ना सोने, ना सोने लावणाऱ्या बाईचा आकडा. रंग परत आल्यावर लोकांनी ते कप मागच्या दारी कुत्र्यामांजरांच्या दुधासाठी ठेवले, रंगाचे कुंचले धुवायला घेतले, फुटले तसे टाकून दिले. जपून ठेवावे असे ते कोणाला वाटलेच नाहीत. बाजारात विक्रेत्यांना विचारले तर ते म्हणतात की असा माल आम्ही गाडीत भरतच नाही. पुढच्या खेपेला मी घरे रिकामी करून देणाऱ्यांकडे चौकशी करणार आहे, आणि स्वयंपाकघरातली नाही, बागेतल्या शेडमधली खोकी दाखवा असे सांगणार आहे.